धर्म शांत की हिंसक? हा प्रश्न सातारा-सांगलीत विचारून बघू

पेटची तयारी करणाऱ्या किंवा सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मित्रमैत्रिणींकडून एक विषय दरवर्षी हमखास येतो. शब्द बदलतात, गाभा तोच असतो. कुणी लिहितं, ‘इस्लाम शांतता शिकवतो की हिंसा?’ कुणी लिहितं, ‘सर्व धर्म मुळात शांततेचेच असतात, हे सिद्ध करायचं आहे.’ कुणाला नेमकं उलट सिद्ध करायचं असतं. तिघांचीही तळमळ खरी असते, वाचनही बऱ्यापैकी असतं. पण कमिटीसमोर हा विषय पहिल्या पाच मिनिटांत पडतो. तो का पडतो आणि त्यातून उभा राहील असा प्रश्न कसा काढायचा, हे आज बघू. उदाहरणं मुद्दाम जवळची घेतो, सातारा आणि सांगली जिल्ह्यांतली. लांबची उदाहरणं घेतली की आपण लगेच बातम्यांच्या भाषेत बोलायला लागतो.

आधी मुद्दा सांगून टाकतो. या दोन जिल्ह्यांत धर्म तेच, ग्रंथ तेच, सणही तेच. तरी एका गावात शतकभरापेक्षा जास्त काळ हिंदू माणसं ताबूत बांधतात, दुसऱ्या गावात मशिदीत गणपती बसतो आणि तिसऱ्या गावात एका रात्रीत मशिदीवर जमाव चालून जातो. जी गोष्ट सगळीकडे सारखी आहे तिच्यावरून फरकाचं कारण सांगता येत नाही. संशोधन पद्धतीच्या पेपरात आपण हे वाक्य पाठ करतो, आणि विषय धर्माचा आला की नेमकं तेच विसरतो.

ग्रंथ उघडून उत्तर मिळत नाही

बहुतेक सिनॉप्सिसमध्ये पहिलं प्रकरण ग्रंथांचं असतं. कुराणातल्या युद्धाच्या आयती एका बाजूला, दयेच्या आयती दुसऱ्या बाजूला, शेवटी बेरीज-वजाबाकी. हीच पद्धत गीतेला लावून बघा. रणांगणावर ‘लढ’ म्हणून सांगणारा ग्रंथ आहे. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात बसून त्यातून कर्मयोग काढला, ‘गीतारहस्य’ १९१५ साली छापून आलं. गांधींनी त्याच गीतेतून अहिंसा आणि अनासक्ती काढली. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांसमोर त्याच गीतेवर प्रवचनं दिली. आणि गांधींना गोळ्या घालणारा नथुराम गोडसेही गीतेलाच मानत होता. ग्रंथ एक, वाचणारे चार. आता गीतेला शांततेच्या रकान्यात टाकायचं की हिंसेच्या?

इस्लामचंही तसंच आहे. सरहद्द प्रांतात खान अब्दुल गफारखानांनी पठाणांची खुदाई खिदमतगार संघटना उभी केली. तिच्या लोकांनी लाठ्या-गोळ्या खाल्ल्या, उलटा हात उचलला नाही. गफारखान आपल्या अहिंसेचा आधार इस्लाममध्येच सांगत. त्याच इस्लामचं नाव घेऊन बॉम्ब फोडणाऱ्या संघटनाही आपल्या काळात आहेत. बौद्ध धर्म शांततेचा म्हणून ओळखला जातो, पण म्यानमार आणि श्रीलंकेत भिक्खूंनी मुसलमानांविरुद्ध लोक भडकवल्याचं आपल्या डोळ्यांदेखत घडलं. सतराव्या शतकात युरोपातले ख्रिस्ती तीस वर्षं एकमेकांशी लढले.

याचा अर्थ ग्रंथाला काही किंमत नाही असा काढू नका. ती दुसऱ्या टोकाची चूक होईल. ग्रंथ हा साठा असतो. त्यातून कोणतं वाक्य कधी उचलायचं, कुणी उचलायचं, कुणासमोर म्हणायचं, हे माणसं ठरवतात. संशोधकाचं काम त्या उचलण्यावर नजर ठेवण्याचं आहे. अमेरिकी अभ्यासक स्कॉट ॲपलबी यांनी २००० साली आलेल्या पुस्तकात धर्माच्या या दुहेरीपणावर सविस्तर लिहिलं आहे. विल्यम कॅव्हनॉ यांनी २००९ साली त्याही पुढचा प्रश्न विचारला: ‘धार्मिक हिंसा’ नावाची वेगळी जात आहे तरी का? की राज्य, जमीन आणि सत्ता यांची भांडणं आपण सोयीसाठी त्या डब्यात टाकतो? दोघांनाही एकत्र वाचा. मग आपल्या जिल्ह्याकडे या.

१६५९: एक फर्मान, दोन देशमुख

साताऱ्यात हा विषय निघाला की प्रतापगड येतोच. १० नोव्हेंबर १६५९. शिवाजी महाराज आणि अफझलखान यांची भेट, खानाचा वध. आजच्या चर्चेत याची दोन चित्रं असतात. एकात हा सरळ हिंदू-मुसलमान संघर्ष असतो. दुसऱ्यात धर्माचा काडीचाही संबंध नसतो, सगळं निव्वळ राजकारण असतं. विद्यार्थ्याने कागद बघावेत, कारण कागद या दोन्ही चित्रांत नीट बसत नाहीत.

त्याच वर्षी जून महिन्यात विजापूरहून कान्होजी जेध्यांना एक आदिलशाही फर्मान आलं. कान्होजी रोहिडखोऱ्याचे देशमुख, धर्माने हिंदू. फर्मानात तक्रार अशी की शिवाजीने निजामशाही कोकणातल्या मुसलमानांना त्रास दिला, लूट केली, बादशाही मुलखातले किल्ले घेतले. म्हणून अफझलखानाला पाठवलं आहे, तुम्ही त्याच्या हुकमात राहून चाकरी करा, तुमचं भलं होईल.

आता जरा थांबून विचार करा. मुसलमानांना त्रास होतो हे कारण एका हिंदू देशमुखाला सांगितलं जातंय, आणि त्याच कागदात बढतीचं आमिषही आहे. दरबाराला दोन्ही भाषा वापराव्याशा वाटल्या. धर्माची भाषा खोटी होती असं नाही. खानाच्या स्वतःच्या पदव्यांत काफरांचा वध आणि मूर्तिभंजन यांचा अभिमान दिसतो, तो लपवण्यात काही अर्थ नाही. पण त्याच खानाचा वकील कृष्णाजी भास्कर ब्राह्मण होता आणि त्याच्या फौजेत मराठे सरदार होते. इकडे महाराजांबरोबर गेलेल्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता.

सगळ्यात बोलकी गोष्ट पुढे आहे. मावळातल्या देशमुखांसमोर प्रश्न एकच होता. कान्होजी जेध्यांनी वतनावर पाणी सोडायची तयारी दाखवून मुलांसह महाराजांची बाजू घेतली. खंडोजी खोपडे खानाकडे गेला आणि नंतर सापडल्यावर एक हात, एक पाय गमावून बसला. दोघेही हिंदू, दोघेही मराठे, दोघेही वतनदार. धर्म हा एकच खुलासा धरला तर खोपड्यांचं काय करायचं? राजकारण हा एकच खुलासा धरला तर फर्मानातल्या त्या वाक्याचं काय करायचं?

म्हणून ‘ही लढाई धार्मिक होती का’ असं न विचारता ‘या लढाईत धर्माची भाषा कुणी, कुणाला उद्देशून, कोणत्या कामासाठी वापरली’ असं विचारा. दुसऱ्या प्रश्नाला कागद उत्तर देतात.

१८९४: रस्ता कुणाचा?

आता सव्वादोनशे वर्षं पुढे या. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत मोठी हिंदू-मुस्लिम दंगल झाली. त्याच सुमारास पुण्यात गणपती सार्वजनिक झाला. त्याआधी पुण्यासह महाराष्ट्रात ठिकठिकाणी मोहरमच्या ताबुतांत हिंदू मोठ्या संख्येने भाग घेत, नवस बोलत, ताबूत करत. १८९४च्या गणपतीत पुण्याच्या मेळ्यांनी हिंदूंना त्यापासून दूर राहायला सांगितलं आणि पुण्यातला हिंदू सहभाग झपाट्याने घटला. रिचर्ड कॅशमन यांचं टिळकांवरचं १९७५चं पुस्तक या बदलासाठी वाचावं.

याच काळात वाईला मशिदीसमोर वाद्य वाजवण्याचा प्रश्न पेटला. मॅजिस्ट्रेटचा हुकूम मोडल्याबद्दल गावातल्या प्रतिष्ठित हिंदूंना शिक्षा झाल्या आणि टिळकांनी ते प्रकरण लावून धरलं. वाईतली माणसं त्या वर्षी अचानक जास्त धार्मिक झाली होती का? मशीदही जुनी होती आणि वाजंत्रीही जुनी होती. नवीन काय होतं? रस्त्यावरचा हक्क आता सरकारी परवान्याने ठरू लागला होता. पूर्वी गावातली चार शहाणी माणसं वेळ आणि वाट ठरवायची. आता लेखी हुकूम निघायचा, आणि लेखी हुकमाला कायमच्या हक्काची किंमत येते. एकदा सोडलं तर कायमचं गेलं, असं दोन्ही बाजूंना वाटायला लागतं. मग पाच मिनिटांची शांतता हा इभ्रतीचा प्रश्न होतो. शिवाय पुण्याचं वर्तमानपत्र ती बातमी सगळ्या महाराष्ट्राला पोचवतं.

इथे धर्म आहेच. पण दंगलीचं यंत्र समजून घ्यायचं तर परवाना, रस्ता आणि वर्तमानपत्र यांचाही इतिहास लिहावा लागतो.

१९४८: दोन्हीकडे एकच धर्म

एक उलटी चाचणीही घ्या. धर्म वेगळा असल्यामुळे हिंसा होते, असं म्हणणं असेल तर धर्म एकच असताना काय होतं ते बघायला हवं. सातारा-सांगलीने या चाचणीचं उत्तर फार वाईट तऱ्हेने दिलेलं आहे.

३० जानेवारी १९४८ला गांधींचा खून झाला. मारणारा पुण्याचा ब्राह्मण, ही बातमी पसरली आणि पुढच्या काही दिवसांत पुणे, मुंबई, नागपूरबरोबरच दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं पेटली. सातारा जिल्हा आणि सांगली, मिरज, कोल्हापूरची संस्थानं हा सगळ्यात जास्त होरपळलेला पट्टा. अनेक कुटुंबांनी गाव सोडलं ते कायमचं. व्यंकटेश माडगूळकर याच भागातल्या माडगुळ्याचे. त्यांची ‘वावटळ’ ही कादंबरी या दिवसांवरची आहे. संशोधनाच्या बाजूने मॉरीन पॅटरसन यांचा लेख महत्त्वाचा. चित्पावनांच्या बदलत्या नशिबाबद्दल लिहिताना त्यांनी १९४८ हेच मध्यभागी ठेवलं.

जाळणारे हिंदू, जळणारे हिंदू. देव तेच, पंढरीची वारीही तीच. मग हे झालं कशाने? मागचा तीस वर्षांचा साताऱ्याचा इतिहास उघडावा लागतो. सत्यशोधक जलसे आणि ब्राह्मणेतर चळवळ, सावकारी, कुळं आणि जमीनमालक यांचा ताण. १९४३नंतर प्रतिसरकारच्या काळात गावोगाव न्यायदान आणि शिक्षा ब्रिटिश कोर्टाबाहेर होऊ लागल्या. फेब्रुवारी १९४८मध्ये संस्थानं अजून विलीन व्हायची होती, जुनी सत्ता जात होती आणि नवी पुरती बसली नव्हती. या सगळ्याची बेरीज म्हणजे १९४८ असंही मी म्हणणार नाही, कारण ज्या गावांत हे सगळं होतं आणि तरी घरं जळली नाहीत, तीही गावं आहेत. त्यांचा अभ्यास व्हायला हवा. पण एवढं नक्की, की शेजाऱ्याचं घर जाळायला शेजाऱ्याचा धर्म वेगळा असावा लागत नाही.

ज्याला ‘इस्लाम आणि हिंसा’ यावर काम करायचं आहे त्याने हे प्रकरण आधी वाचावं. नाहीतर जी गोष्ट आपल्या प्रदेशात सगळ्यांनी केली आहे ती एकाच धर्माच्या खात्यावर टाकली जाते.

मिरज आणि पुसेसावळी

आता अलीकडे या. सप्टेंबर २००९च्या सुरुवातीला, गणेशोत्सवाच्या शेवटच्या दिवसांत, मिरजेत एका कमानीवर अफझलखान वधाचं चित्र लागलं. त्यावर आक्षेप आला, वाद वाढला, दगडफेक झाली, संचारबंदी लागली. पाठोपाठ सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत लोण गेलं. १३ ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान होतं. १६५९ला बरोबर साडेतीनशे वर्षं झाली होती.

मिरज हे गाव लक्षात घ्या. ‘हिंदू-मुसलमान एकमेकांना ओळखत नाहीत म्हणून भांडतात’ हा खुलासा इथे चालत नाही. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसात मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ साली गेले, त्यांची कबर दर्ग्याच्या आवारात आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ तिथे संगीतसभा होते. हत्यारांना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात इथे तंबोरे आणि सतारी करायला लागले. भोपळा पंढरपूरकडचा, कारागीर मुसलमान, वाजवणारे सगळ्या जातिधर्मांचे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. एवढं सगळं असूनही २००९ झालं.

दुसरं उदाहरण खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीचं. सप्टेंबर २०२३. सोशल मीडियावर हिंदूंच्या आदरस्थानांबद्दल आक्षेपार्ह मजकूर दिसला, तो गावातल्या मुसलमान तरुणांच्या खात्यांवरून आल्याचं सांगितलं गेलं. १० सप्टेंबरच्या रात्री जमाव जमला, मशिदीवर, दुकानांवर आणि घरांवर हल्ला झाला. एका तरुणाचा जीव गेला. सातारा जिल्ह्यात इंटरनेट बंद करावं लागलं.

इथे संशोधकाला दोन गोष्टी टोचायला हव्यात. पहिली, आपली बरीचशी गाजलेली पुस्तकं शहरांबद्दल आहेत आणि पुसेसावळी गाव आहे. दुसरी, वादाची ठिणगी गावाच्या चौकात पडलीच नाही, ती मोबाइलवर पडली. मजकूर खरा कुणाचा, हे कळायच्या आत माणूस मेला. १८९४ला पुण्याची बातमी पोचायला दिवस लागायचे, त्या वेळात कुणीतरी कुणाच्या तरी घरी जाऊन बोलू शकायचं. तो मधला वेळ आता राहिलेला नाही.

कडेगाव आणि गोटखिंडी

दंगलींचाच अभ्यास केला तर दंगल का होते ते कळत नाही. ज्यांना ताप आला त्यांनाच तपासायचं आणि म्हणायचं की सगळ्यांनी पाणी प्यायलं होतं, तसं ते होतं. म्हणून जिथे दंगल झाली नाही तिथेही जावं लागतं.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे ताबूत प्रसिद्ध आहेत. बांबू-कागदाचे उंचच उंच ताबूत, मोहरमला त्यांच्या भेटी, बघायला लांबून येणारी माणसं. यातले काही ताबूत हिंदू घराण्यांचे आणि पेठांचे असतात. पुण्यात १८९४नंतर जे जवळजवळ थांबलं ते कडेगावात थांबलं नाही. हा माझ्या मते पीएचडीचा तयार विषय आहे. दोन्हीकडे हिंदू, दोन्हीकडे मोहरम, केसरी दोन्हीकडे पोचत असेल. मग एक धागा तुटला आणि दुसरा टिकला, तो कशामुळे? एक शक्यता अशी की कडेगावात ताबूत हा मानाचा भाग आहे. कुणाचा ताबूत कधी उठणार, कोण कुणाला भेटणार, हे ठरलेलं आहे आणि तो मान सोडला तर घराण्याची किंवा पेठेची जागा जाते. पुण्यात सहभाग होता, पण माणूस सोडून गेला तर त्याचं फारसं बिघडत नव्हतं. ही शक्यता खरी की खोटी, हे कागद आणि मुलाखतींनी ठरवता येईल. तपासता येण्यासारखी आहे, म्हणूनच ती चांगली आहे.

दुसरं गाव वाळवा तालुक्यातलं गोटखिंडी. १९६१ साली गणपतीत जोराचा पाऊस आला आणि मूर्ती भिजू नये म्हणून ती मशिदीत आणली. पुढे १९८०पासून गणपती दरवर्षी मशिदीतच बसू लागला. मंडळात हिंदू आणि मुसलमान दोघंही असतात. बकरी ईद गणपतीत आली त्या वर्षी गावातल्या मुसलमानांनी नमाज केली आणि मांसाहार टाळला.

वाई १८९४ आणि गोटखिंडी १९६१ ही जोडी वहीत शेजारी-शेजारी लिहून ठेवा. वाईला मशिदीसमोरून वाजत जायचं की नाही यावरून तुरुंगवास झाला. तिथून फार लांब नसलेल्या गोटखिंडीत आरती मशिदीतच होते. इस्लाम बदलला नव्हता आणि गणपतीही बदलला नव्हता. वाईला निर्णय मॅजिस्ट्रेटने दिला, गोटखिंडीला गावाने घेतला. आणि १९६१चा एक प्रसंग १९८०नंतर रिवाज झाला, म्हणजे कुणीतरी तो दरवर्षी पुन्हा ठरवला. सलोखा आपोआप टिकत नाही, त्यामागे वर्गणी असते, बैठका असतात, नको म्हणणाऱ्याची समजूत काढणारं कुणीतरी असतं.

पुस्तकं काय म्हणतात आणि कुठे अपुरी पडतात

दंगलींवरची तीन नावं नेट-सेटपासून आपल्या कानांवर असतात. आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२च्या पुस्तकात सहा शहरांच्या तीन जोड्या घेतल्या: अलिगड-कालिकत, हैदराबाद-लखनौ, अहमदाबाद-सुरत. त्यांचं म्हणणं, नुसत्या शेजारधर्मापेक्षा दोन्ही समाजांच्या सामाईक संस्था असतील तर शहर सावरतं. व्यापारी संघ, कामगार संघटना, पक्ष, वाचनालयं वगैरे. पॉल ब्रास म्हणतात, दंगल पेटत नाही, पेटवली जाते. किरकोळ भांडणाला धार्मिक रूप देणारी माणसं तयार असतात आणि ती यंत्रणा कायमची असते. स्टीव्हन विल्किन्सन यांनी २००४ साली दाखवलं की पोलिसांनी दंगल थांबवायची की नाही, हे सरकारला कुणाची मतं हवी आहेत यावर बरंच ठरतं.

आता तिघांना मिरजेला घेऊन या. ब्रास आणि विल्किन्सन यांना कमान आणि मतदानाची तारीख दिसेल. वार्ष्णेय यांच्यासमोर मात्र अडचण उभी राहील, कारण मिरजेत संबंध भरपूर आहेत. इथे एक फरक करायला हवा. उरूस, सतार, संगीतसभा हे संबंध आहेत, पण चित्र लागलं त्या संध्याकाळी ‘थांबा’ म्हणायचा अधिकार त्यांच्यापैकी कुणाकडे होता? उत्तम सतार करणाऱ्याचं सगळं गाव ऐकेल असं नाही. शांतता कमिटीत नाव असणं वेगळं आणि तिचा शब्द मंडळाच्या पोरांनी मानणं वेगळं.

म्हणून माझी मांडणी अशी: धर्म ज्या गावात शांततेला उपयोगी पडतो तिथे धार्मिक मानाबरोबर जबाबदारी बांधलेली असते. ताबूत ज्याचा, त्याला तो सुखरूप परत न्यावा लागतो. गणपती मशिदीत आहे म्हटल्यावर भांडण झालं तर दोघांचंही नुकसान होतं. जिथे सण नुसता ताकद दाखवायचा प्रसंग उरतो, डॉल्बी मोठा की कमान उंच एवढंच बघितलं जातं, तिथे तोच धर्म ठिणगीच्या कामाला येतो. ही मांडणी मोडता आली तर जरूर मोडा. कडेगावसारखी रचना असलेलं आणि तरी पेटलेलं एक गाव शोधलंत तरी काम झालं.

सिनॉप्सिस लिहिताना

आता थोडं व्यवहाराचं.

एक, प्रश्नातला कर्ता बदला. ‘इस्लाम काय करतो’ ऐवजी ‘अमुक गावातल्या अमुक मंडळाने, जमातीने किंवा अधिकाऱ्याने अमुक दिवशी काय केलं’ असं लिहा. कर्ता माणूस असेल तर पुरावा सापडतो.

दोन, जोडीने अभ्यास करा. एक पेटलेलं गाव, एक न पेटलेलं. शक्यतो एकाच तालुक्यातली, एकाच आकाराची, म्हणजे इतर फरक कमी राहतील.

तीन, हिंसेची व्याख्या आधी ठरवा. फिर्याद दाखल झाली तरच हिंसा मोजणार का? दुकानावर बहिष्कार, भाड्याने घर न मिळणं, मिरवणुकीच्या दिवशी पोरांना आजोळी पाठवणं हे पोलिसांच्या वहीत येत नाही. दंगल न झालेलं गाव शांत असेलच असं नाही, कदाचित एक बाजू गप्प बसलेली असेल. गोटखिंडी किंवा कडेगावबद्दल लिहितानाही हे विचारा. सलोख्याच्या बातमीत सगळ्यात कमी कोण बोललं? बायका काय सांगतात? गलेफाचा मान आहे, पण वर्षभर त्या समाजाला वागणूक कशी मिळते?

चार, साधनं. जुन्या काळासाठी फर्मानं, महजर, वतनाचे कागद, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने छापलेले खंड. इंग्रजी अमलासाठी न्याय खात्याच्या फायली आणि देशी वर्तमानपत्रांचे सरकारी सारांश. अलीकडच्यासाठी न्यायालयाचे निकाल, स्थानिक आवृत्त्या, मंडळांच्या वर्गणीच्या वह्या, मिरवणुकीचे परवाने. शेवटच्या दोन गोष्टी कुणी बघत नाही, आणि गाव कसं चालतं ते तिथेच दिसतं.

पाच, नावं जपा. पुसेसावळीसारख्या ठिकाणी जखम ओली आहे. तुमच्या प्रबंधातलं एक ओळखू येणारं वाक्य एखाद्या घराला महागात पडू शकतं. पीडितांची आणि साक्षीदारांची खरी नावं व खुणा काढून टाका. मुलाखतीची परवानगी तिथल्या तिथे एकदाच घेऊन भागत नाही, छापण्याआधी पुन्हा विचारा.

सहा, आपली बाजू आपल्याला ठाऊक असू द्या. आपण सगळे या भांडणात कुठल्या ना कुठल्या घरात जन्मलोय. उपाय एकच, आपल्याला न आवडणारा कागद आधी वाचायचा. सलोख्याची बाजू आवडत असेल तर खानाच्या पदव्या आधी वाचा. ‘त्यांचा धर्मच तसा’ असं वाटत असेल तर १९४८ आधी वाचा.

मग मूळ प्रश्नाचं उत्तर काय? इस्लाम आणि बाकीचे धर्म शांतता शिकवतात की हिंसा, याला सातारा-सांगलीचा इतिहास हो किंवा नाही असं उत्तर देत नाही. तो एवढंच सांगतो की धर्म माणसांना एकत्र आणण्याची मोठी ताकद देतो, आणि ती ताकद कुठे वळेल हे गावातली मानपान, सत्ता, परवाना आणि निवडणूक यांची मांडणी ठरवते. ही मांडणी माणसांनी केलेली आहे, म्हणून ती अभ्यासता येते आणि बदलताही येते. प्रबंधासाठी एवढं पुष्कळ आहे. एक तालुका निवडा, त्यातली दोन गावं घ्या आणि येत्या गणपतीआधी मिरवणुकीच्या परवान्यांची फाइल कुठे मिळते ते शोधून ठेवा.